हायसर आणि एक क्रियापद

आमच्या घरात गोष्टींची वाटणी ठरलेली आहे. गेलेल्या माणसांच्या गोष्टी मी सांगायच्या, असलेल्या माणसांच्या बायकोने. तिच्या गोष्टी जास्त चालतात, कारण तिची माणसं दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतात आणि खात्री करून घेता येते. माझ्या माणसांची ती सोय नाही, त्यामुळे माझ्या गोष्टी सुरू झाल्या की भाचरं मोबाइल काढतात. शाळेतल्या हायसरांच्या बाबतीत मात्र आमचा वाद आहे. ते महाड सोडून नगरला भावाकडे गेले. 'गेले ना? मग माझ्या खात्यात,' असं मी म्हणतो. ती म्हणते, 'गेले म्हणजे राहायला गेले. तसे नाही गेले.'

सर इथे असते तर या वाक्यावर त्यांनी अख्खी दुपार काढली असती. एक क्रियापद, त्याचे दोन अर्थ आणि दोन्हींवरून भांडायला माणसं तयार. एवढ्याच भांडवलावर त्या गृहस्थांनी आयुष्य रेटलं.

ते आमच्या शाळेत मराठी शिकवायचे, त्यातही व्याकरण. मी चित्रकला शिकवतो, म्हणजे गणिताच्या सरांचा अभ्यासक्रम ज्या तासाला पूर्ण होतो त्या तासाचा मी कायदेशीर मालक आहे. सर नगरकडचे, तीन पिढ्यांचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. ते नवीन आले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झाली, की ख्रिस्ती माणूस मराठी काय शिकवणार. कुजबुजणाऱ्या सगळ्यांची मुलं इंग्रजी माध्यमात होती. सरांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. मराठी आता तुमच्या घरात उरली नाही, माझ्या घरात अजून पुरवून पुरवून वापरतो."

'हायसर' हे नाव मुलांनी ठेवलं. शहरातली मुलं हजेरीला 'हजर' म्हणत. पोलादपूरकडच्या वाड्यांवरून येणारी म्हणत, "हाय सर." सर पेन थांबवायचे.

"काय हाय?"

"मी हाय, सर."

"मी कोण?"

पोरगं बावचळायचं. मग सर वर्गाला सांगायचे, की 'आहे' हे बिचारं अपुरं क्रियापद आहे, त्याला पूरक लागतं, नुसतं 'आहे' म्हटलं की ऐकणारा टांगून राहतो. एकदा एका बाकावर दप्तर होतं आणि मुलगा नव्हता. शेजारचा म्हणाला, "दप्तर हाय सर, म्हंजी तो हाय. पाण्याला गेलाय." सरांनी गैरहजरी मांडली. शिक्षकांच्या खोलीत येऊन आमचा चहाही नासवला.

"दप्तर म्हणजे मुलगा नव्हे," ते म्हणाले. "दप्तर ही मुलाची खूण. खुणेला हजेरी नसते."

"अहो, पण दोन मिनिटांत आला ना तो," मी म्हटलं.

"आला तेव्हा हजर झाला. त्याआधी होती ती आठवण."

दप्तराच्या निमित्ताने आपण युरोपातलं पाचशे वर्षांचं भांडण ऐकतोय, हे तेव्हा आमच्यातल्या कुणालाच कळलं नाही. आम्हाला वाटलं, माणूस चक्रम आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, हे पुढे लक्षात आलं.

त्यांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. वसईची, कॅथलिक. अख्खं महाड तिला सिस्टर म्हणायचं, त्यामुळे सरही तिला सिस्टरच म्हणायचे. "स्वतःच्या बायकोला सिस्टर म्हणून सुखाने नांदणारा मी जगात एकटा," असं ते नव्या माणसाला ऐकवत. "आणि बघा, याचा शब्दशः अर्थ आजवर कुणी लावला नाही. माणसाला कुठला शब्द कसा घ्यायचा ते बरोबर कळतं. फक्त पुस्तक हातात आलं की कळेनासं होतं."

ते आमच्या समोरच्या इमारतीत राहायचे, दुसऱ्या मजल्यावर. घरात दोन बायबलं होती. एक त्यांचं, एक तिचं. तिचं सात पुस्तकांनी जाड होतं.

"तुमच्या लोकांनी काढून टाकली," सिस्टर म्हणायच्या.

"तुमच्या लोकांनी ठेवून घेतली," सर म्हणायचे.

मग सिस्टर चहा टाकायच्या. दोन्ही बायबलं फळीच्या दोन टोकांना उभी असायची आणि मधे शब्दकोश, पंच म्हणून.

मी हिंदू असल्यामुळे मला या विषयावर मत असणं साहजिकच होतं. एकदा मी जरा वरच्या पट्टीत म्हटलं, "सर, आमच्याकडे देव अनेक, ग्रंथ अनेक, घोळ होणारच. तुमच्यात पुस्तक एकच. मग भांडता कशावरून?"

"एकच आहे म्हणून तर," सर म्हणाले. "तुमच्याकडे इतकी आहेत, की कुठल्यावरून भांडायचं हे ठरेपर्यंत जेवायची वेळ होते."

बायको तिथेच मटार सोलत बसली होती. तिने मान वर न करता आमच्या देवघराची गोष्ट सांगून टाकली. झालं असं, की माझे आजोबा जाताना म्हणाले होते, 'देव पूर्वेला ठेवा.' एवढंच. माझ्या वडिलांनी अर्थ लावला, की देवघर पूर्वेच्या भिंतीला. दासगावच्या काकांनी अर्थ लावला, देवाचं तोंड पूर्वेला, म्हणजे देवघर पश्चिमेच्या भिंतीला. वाक्य एक, आजोबा एक, ऐकायला दोघे एकाच खाटेशी उभे. तेव्हापासून काका आमच्याकडे आले की देवघरापुढे वाकत नाहीत, नुसते घसा खाकरतात. आम्ही दासगावला गेलो की त्यांच्या आरतीला चपला शोधायला बाहेर येतो.

सर इतके खूश झाले, की त्यांनी मांडीवरच्या शब्दकोशावर सोललेले मटार घेऊन खायला सुरुवात केली. "तुमच्यात आजोबांना जाऊन किती वर्षं झाली?"

"वीस-एक."

"वीस वर्षांत दोन पंथ! आम्हाला तर दोन हजार मिळाली होती. त्या मानाने आम्ही फारच समंजस माणसं आहोत, चित्रकार."

ते मला कायम 'चित्रकार' म्हणत. शाळेतलं कुणीच म्हणत नसे, त्यामुळे मला ते आवडे. टोमणा आहे, हे बऱ्याच उशिरा कळलं.

आता यात सरांचं स्वतःचं दुखणं कुठे होतं, ते सांगितलं पाहिजे. महिन्यातून एकदा वीर स्टेशनवर फादर उतरत, रिक्षाने महाडला येत आणि एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये कॅथलिक मंडळींचा मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, होई. सर सिस्टरना घेऊन जात. प्रार्थना म्हणत, गाणीही म्हणत, तीही सुरात. पण शेवटी सगळे रांगेत उभे राहून फादरांच्या हातून ती पातळ, पांढरी, गोल भाकर घेतात, त्या वेळी सर खुर्चीवरच राहत. सिस्टर जात, घेत, परत येऊन शेजारी बसून डोळे मिटत. सर समोरच्या भिंतीकडे पाहत. भिंतीवर बहुधा आदल्या लग्नातली थर्माकोलची अक्षरं असत.

एवढी वर्षं एका ताटात जेवलेली ती दोघं, पण त्या एका घासाला वेगळी. आणि आड काय, तर एक क्रियापद. शेवटच्या जेवणाला प्रभूने भाकर मोडली आणि 'हे माझं शरीर आहे' म्हणाला. सिस्टरचे लोक म्हणतात, आहे म्हणजे आहे. सरांचे लोक म्हणतात, आहे म्हणजे खूण आहे, आठवण आहे. सिस्टरच्या लोकांचा नियम असा, की ज्याला 'आहे' म्हणता येतं त्यानेच रांगेत यावं. सरांच्या नगरच्या देवळात तसा नियम नाही, तिथे पाव सगळ्यांना देतात. सिस्टर तिथेही हात पुढे करत नसत. "पाव चांगला असतो त्यांचा," त्या म्हणायच्या. "पण पावासाठी नगरला कशाला जायचं?"

सरांना आयुष्यात बढती नको होती, बंगला नको होता. त्यांना तो एक घास तिच्या शेजारी बसून खायचा होता. हे त्यांनी मला स्पष्ट शब्दांत कधी सांगितलं नाही. स्पष्ट शब्दांवर त्यांचा फार विश्वास नव्हता.

त्याऐवजी ते उद्योग करत. महाडात ख्रिस्ती माणसं बोटांवर मोजण्याएवढी, आणि तेवढ्यांतही बोटं एकमेकांकडे वळलेली. हायवेला टायरचं दुकान असलेला एक केरळी होता. त्याची मंडळी घरातच टाळ्या वाजवून प्रार्थना करत, आणि बाप्तिस्म्याला पाण्यात पूर्ण न बुडता लहानपणी डोक्यावर नुसतं पाणी शिंपडलेल्यांना तो 'कोरडे' म्हणायचा. एमआयडीसीतल्या कंपनीत एक केमिस्ट होता. त्याच्या हिशेबाने देवाने प्रार्थनेला सांगितलेला सातवा दिवस शनिवार, त्यामुळे बाकी सगळे ख्रिस्ती दर आठवड्याला एक दिवस उशिरा पोचत होते. सरांनी ठरवलं, की एका नाताळाला या सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवायचं. मागचा पडदा मी रंगवायचा. त्यावर फक्त एक टेबल आणि भाकर. माणसं नकोत, कारण माणसं रंगवली की टायरवाला मूर्तिपूजा म्हणेल. भाकरीला कुणाची हरकत असणार?

मी मनापासून रंगवली. ज्यांनी माझं काम पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, की मी मनापासून केलं की बिघडतं. हॉलमध्ये पडदा लावला आणि सर त्याला नाक लागेल इतके जवळ जाऊन उभे राहिले.

"ही कसली भाकर?" शेवटी ते म्हणाले.

"भाकर म्हणजे भाकर. तव्यावरची. फुगलेली."

"तांदळाची आहे ही!"

"मग? भाकरी तांदळाचीच असते." मी कोकणातला माणूस. मला दुसरी कुठली आठवणार?

"आमच्या आजोबांनी बायबल वाचताना भाकर म्हटलं, की आमच्यासमोर बाजरीची यायची," सर म्हणाले. त्यांना खरोखर धक्का बसला होता. "काळसर. तिळाची. प्रभू तांदळाची खातोय ही कल्पनाच..."

सिस्टर मागून आल्या. "इतकी जाड? ती पातळ असते हो. आणि डाग काय घातलेत? ती पांढरीशुभ्र असते."

केमिस्टने वर पाहिलं आणि विचारलं, यात यीस्ट आहे का, कारण प्रभूच्या शेवटच्या जेवणाची भाकर बिनखमिराची होती. तांदळाच्या भाकरीत यीस्ट! टायरवाला म्हणाला, "ब्रदर, चित्र कशाला लावायचा? चित्र पण मूर्तीच झाली ना?" आणि बायको सोबत आली होती, ती म्हणाली, "कडेला कच्ची राहिलीय."

कार्यक्रम झाला, पण पडदा उलटा लावून. मागच्या बाजूला माझ्याच हातचं शाळेच्या स्नेहसंमेलनातलं जंगल होतं. चारही तऱ्हेच्या ख्रिस्ती मंडळींनी नाताळ वाघाच्या साक्षीने साजरा केला आणि नंतर केकसाठी एकत्र उभे राहिले. केकमध्ये काय आहे, हे कुणी विचारलं नाही. परत येताना सर म्हणाले, "चित्रकार, तुम्ही आज मोठं काम केलंत. मी पन्नास वर्षं बाजरी वाचत होतो, हे मला माहीतच नव्हतं. लिहिलंय भाकर. वाचणारा आपल्या तव्यावरची घेतो."

मला वाटलं, माझ्या चित्राचं कौतुक होतंय. मी आभार मानले.

दुसरा प्रसंग एसटीतला. शाळेतल्या एका शिपायाच्या घरी उमरठला कार्य होतं म्हणून मी आणि सर महाड स्टँडवरून पोलादपूरच्या गाडीत चढलो. गर्दी होतीच. खिडकीतून टॉवेल, रुमाल, पिशव्या आत पडत होत्या. आमच्या पुढच्या बाकावर एकाचा टॉवेल पडलेला, आणि त्या टॉवेलावर मुंबईहून आलेला एक चाकरमानी कानात इअरफोन घालून बसलेला. टॉवेलाचा मालक धोतरवाला, घामाघूम होऊन दारातून आत आला.

"ओ भाव, उटा. टावेल माजा हाय."

"मग घे ना तुझा टॉवेल. मी कुठं नाय बोलतोय?"

"टावेल हाय म्हंजी मी हाय ना तितं."

"तू हाय? तू तर खाली होतास! टॉवेल काय तू हायेस काय? उद्या तुझी लुंगी येऊन बसेल, बोलेल सीट रिझर्व्ह."

सरांनी माझा दंड असा काही धरला, की मला वाटलं त्यांना चक्कर आली. "ऐका," ते कुजबुजले. "ऐका नीट. हेच ते."

कंडक्टर आला. "काय लावलंय? टॉवेल टाकणारा बसेल. पहिल्यापासून तीच पद्धत आहे."

"कुठं लिहिलंय?" चाकरमानी म्हणाला. "लिहिलेला दाखव. लिहिलेला असेल तर उठतो."

"हा आमचा माणूस," सर माझ्या कानात. "लिहिलेलं दाखवा म्हणतोय."

"लिहिलंय काय नि नाय काय, या गाडीत अर्थ मी लावणार," कंडक्टर म्हणाला.

"आणि हा रोमचा पोप!" सर आता जवळजवळ टाळ्या पिटणार होते.

दारात लोंबकळत असलेला एकजण ओरडला, "अरे जागा लागते कशाला? उभ्याने चला, पोचतो सगळा!" सरांनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि प्रेमाने म्हणाले, "टायरवाला."

खिडकीतल्या म्हातारीने शेवटी निकाल लावला. "मेल्यांनो, तिघांचा बाक हाय. सरका न बसा दोघं. टावेल मांडीवर घ्या." बसले. भांडणाची गंमत एवढ्यात संपली असती, पण सरांना चैन पडेना. ते पुढे वाकले आणि धोतरवाल्याला अगदी अदबीने विचारलं, "पाहुणे, राग मानू नका. तुम्ही खाली उभे होतात तेव्हा या बाकावर नक्की काय होतं? टॉवेल, की तुम्ही?"

त्या माणसाने टॉवेलाने मान पुसली. "सर, तुमी शिकलेलं. पर खरा सांगू? टावेल टाकला तवा माजा सगला जीव हितंच होता. खाली नुसता उबा होतो."

सर मागे टेकले. पोलादपूर येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मी घाबरलो, कारण त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांना शोभलं नाही. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बांगड्याच्या वासावर गेलो होतो, म्हणजे काहीतरी काम काढून गेलो होतो. सिस्टर कालवण वाढत होत्या. सर उगाच भात चिवडत म्हणाले, "या महिन्यापासून नवे फादर येणार आहेत म्हणे. ते मला ओळखत नाहीत."

"बरं?"

"मी रांगेत आलो तर त्यांना काय कळणार? ते म्हणतील 'ख्रिस्ताचं शरीर'. आपण म्हणायचं 'आमेन'. झालं."

सिस्टरनी पळी खाली ठेवली. "आमेन म्हणजे काय हो, मास्तर?"

एरवी त्या त्यांना 'अहो' म्हणत. 'मास्तर' म्हटलं की समजायचं, ताप चढलाय.

"आमेन म्हणजे... तथास्तु. तसं असो."

"अजून?"

"तसंच आहे," सर हळूच म्हणाले.

"आणि तुम्ही म्हणणार 'तसंच आहे'. आणि मनात म्हणणार 'तशी खूण आहे'."

"एक शब्द तर आहे, सिस्टर."

"एका शब्दासाठी तुम्ही पोरांचे मार्क कापता," त्या म्हणाल्या. "फादरना कळणार नाही, खरंय. मला कळेल. तुम्हाला कळेल. मला तुम्ही रांगेत हवे आहात हो, पण खोटे नकोत. खोटे शेजारी बसण्यापेक्षा खरे मागे बसा."

मग त्यांनी सरांच्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा वाढला, जो त्या कुणालाच देत नसत. माझ्या ताटात डोकं आलं. मी तक्रार केली नाही, प्रसंग गंभीर होता.

सरांनी मग अभ्यासावर जोर धरला. निवृत्त झाले होते, वेळ होता. मोबाइलवर कुठकुठली व्याख्यानं ऐकत. एक दिवस सकाळीच जिना उतरून, रस्ता ओलांडून आमच्याकडे आले. पायात दोन वेगळ्या चपला होत्या.

"चित्रकार, घोटाळा झालाय! प्रभू ज्या बोलीत बोलायचा ना, त्या बोलीत म्हणे असल्या वाक्यात 'आहे' म्हणायची गरजच नसते. आपल्यासारखंच. 'हा माझा भाऊ' म्हणतो की नाही आपण? तसं 'हे माझं शरीर'. बस. 'आहे' तो बोललाच नसणार! ज्या शब्दावरून पाचशे वर्षं डोकी फुटली, तो शब्द मागाहून भाषांतरात आलाय!"

मी म्हटलं, "मग संपलं की भांडण."

"तेच!" ते धावत घरी गेले. मी मागोमाग गेलो, कारण चहाची वेळ होती. सिस्टर इस्त्री करत होत्या. तेव्हा त्यांना बरं नसायचं, अंगात कळा यायच्या, पण इस्त्री दुसऱ्याला करू देत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सरांनी 'हा माझा भाऊ'चं उदाहरण दोनदा दिलं.

"बोलला नसेल," सिस्टर म्हणाल्या. कॉलर उलटवली. "पण होतं ना?"

सर दारात उभे. दोन वेगळ्या चपला. एवढ्या मोठ्या व्याकरणाचा एका नर्सने तीन शब्दांत निकाल लावलेला मी पाहिलाय. चहा मात्र मिळाला नाही.

पुढे सिस्टरचं दुखणं वाढलं. ते सगळं मी सांगत नाही, दवाखान्याच्या गोष्टी बायकोकडे आहेत. एवढंच सांगतो, की शेवटी शेवटी फादर घरी येऊन त्यांना ती भाकर देत. सर उशी धरून त्यांना टेकवून बसवत, पाण्याचा चमचा तोंडाशी नेत, आणि तो घास गिळला गेला की नाही ते पाहत. रांगेत न उभा राहता त्या घासाच्या इतक्या जवळ ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने पोचले नसते. त्यांनी स्वतः मात्र कधी हात पुढे केला नाही. सिस्टरनी सांगितलं होतं, खोटे नकोत.

सिस्टर गेल्या, त्यानंतर महिन्याने त्यांच्या नावाचा मिस्सा होता. त्याच मंगल कार्यालयात, वरच्या हॉलमध्ये. आम्हाला उशीर झाला. बायको म्हणते माझ्यामुळे, आणि या गोष्टीत मी वाद घालणार नाही. जिना चढून पाहतो तो हॉल भरलेला. अर्ध्या महाडाने सिस्टरच्या हातची इंजेक्शनं घेतलेली, ते सगळे आलेले. केमिस्ट होता, शनिवार नसूनही. टायरवाला होता. मिस्साला तो पाऊल टाकणार नाही, असं आयुष्यभर सांगत आलेला, पण दारातल्या चपला सरळ लावत उभा होता. खुर्च्या संपल्या होत्या. लोक भिंतींना टेकून उभे. समोर 'शुभविवाह'मधला 'शु' पडलेला आणि बाकीचं तसंच.

पुढच्या रांगेत सर बसले होते. त्यांच्या शेजारची एक खुर्ची रिकामी. माझे गुडघे कसे आहेत ते घरच्यांना माहीत आहे. मी कडेकडेने पुढे गेलो, वाकलो आणि विचारलं, "सर, इथे कुणी आहे?"

विचारताना दिसलं, की खुर्चीवर रुमाल आहे. पांढरा, निळ्या काठाचा. सिस्टर ड्यूटीवर कमरेला खोचत तो. इस्त्री केलेला होता, पण कोपरे जुळत नव्हते. म्हणजे सरांनी केलेली.

सरांनी रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दप्तराची गैरहजरी मांडणारा माणूस तो. खुणेला हजेरी नसते म्हणणारा.

"आहे," ते म्हणाले.

नुसतंच. पूरक नाही, काही नाही. मी टांगून राहिलो खरा, पण 'कोण' असं विचारलं नाही. मागे जाऊन भिंतीला टेकलो.

मिस्सा लांबला. रांग लागली, लोक गेले, भाकर घेऊन आले. सर उठले नाहीत. एक हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवून बसले होते, एसटीत शेजारच्याला पडू नये म्हणून धरतात तसा. मधेच पोलादपूरकडची एक म्हातारी धापा टाकत वर आली. तिला जागा हवी होती, हे हॉलभर दिसत होतं. ती खुर्चीपर्यंत गेली, रुमाल पाहिला, आणि खाली सतरंजीवर बसली. केमिस्टने पाहिला, टायरवाल्याने पाहिला. त्या हॉलमध्ये चार तऱ्हेचे ख्रिस्ती होते, आणि आमच्यासारखे, देव कुठल्या भिंतीला हे अजून न ठरलेले, कितीतरी. शेवटपर्यंत त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सर नगरला गेले. दोन्ही बायबलं घेऊन गेले. शब्दकोश मला देऊन गेले. मी तो उघडत नाही, उघडला की मटार खाल्ल्याचे डाग दिसतात.

आता घरात नवा वाद आहे. सिस्टर गेल्या, म्हणून त्यांची गोष्ट रीतसर माझ्या खात्यात यायला हवी. परवा मी ती भाचरांना सांगायला घेतली, तर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला पीठ तसंच.

"ती माझी आहे," ती म्हणाली. "सरांनी काय सांगितलंय तुम्हाला? सगळ्यांसमोर?"

मी सरकून तिला जागा दिली. मग तिने सांगितली.